दार उघडलं, पण गाडी हलेना

एकाच घडणीच्या दोन चाव्या माझ्या तळहातावर होत्या. दाते तेच, खाचा त्याच, लांबी-जाडीही तीच. दोन्हींनी गाडीचं दार उघडलं. दोन्हींनी स्टेअरिंग मोकळं झालं. पण एकीने इंजिन सुरू होऊन सुरूच राहिलं आणि दुसरीने सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडलं. मीटरमध्ये गाडी आणि चावी असं चित्र असलेला एक लाल दिवा भराभर उघडझाप करू लागला. कुलपात चावी बसते, फिरते आणि तरीही कुलूप तिला मानत नाही, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी शाळेत गणित शिकवते. गाडी चालवायला उशिरा शिकले आणि आमच्याच सोसायटीतल्या एका काकांची वापरलेली छोटी गाडी घेतली. काका फार व्यवस्थित माणूस. सगळी बिलं, सर्व्हिसची वही, जुन्या विम्याचे कागद त्यांनी फाईलला लावून दिले. चावी मात्र एकच होती. दुसरी कधी हरवली, हे त्यांनाही आठवत नव्हतं. विमा माझ्या नावावर करताना एजंटने विचारलं, “मॅडम, दोन्ही चाव्या आहेत ना? उद्या गाडी चोरीला गेली तर एफआयआर, पोलिसांचा अंतिम अहवाल आणि दोन्ही मूळ चाव्या, एवढं कंपनी मागतेच. एक नसेल तर ती कुठे गेली, याचा जबाब द्यावा लागतो.” तिथून माझी चावीची शोधाशोध सुरू झाली आणि पाहता पाहता ती चावीपुरती उरली नाही.

पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांमध्ये एका चावीवाल्या चाचांची टपरी आहे. त्यांनी माझी चावी उलटसुलट करून पाहिली आणि काम हातात घेण्याआधीच सांगितलं, “ताई, साधी चावी करून देतो. पण तिने दार उघडेल, गाडी चालणार नाही. चालवायची असेल तर चिप लागेल आणि तिचं कोडिंग करावं लागेल.” मला हे पटेना. कुलपाच्या दात्यांशी चावीचे दाते जुळले की काम झालं, एवढंच मला ठाऊक होतं. मी म्हटलं, चाचा, मला समोर करून दाखवा. त्यांनी मशिनवर चावी कापली, कडा घासल्या, आम्ही गाडीपाशी आलो आणि वर सांगितलं तेच घडलं.

मग चाचांनी दुसरी गंमत दाखवली. नवी चावी इग्निशनमध्ये तशीच ठेवून त्यांनी माझ्या मूळ चावीचं काळं प्लॅस्टिकचं डोकं तिच्या डोक्याला चिकटवून धरलं आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन सुरू झालं आणि चालू राहिलं. मूळ चावी तर कुलपात गेलीच नव्हती! त्यांनी ती हळूच बाजूला घेतली. इंजिन तरीही चालूच. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एक कोडं सुटायच्या आत दुसरं पुढ्यात पडलं होतं: मघाशी बंद का पडलं, आता का चाललं, आणि मूळ चावी दूर नेल्यावर पुन्हा बंद का पडलं नाही?

टपरीवर परत आल्यावर त्यांनी पातळ पात्याने माझ्या चावीचं डोकं उकललं. आत रिमोटचं छोटं हिरवं सर्किट आणि नाण्यासारखा चपटा सेल होता. या दोन्हींपासून वेगळ्या एका खाचेत, करंगळीच्या नखाहून लहान असा काळा चौकोनी तुकडा बसवलेला होता. तो चिमट्याने उचलून चाचा म्हणाले, “गाडी हिला ओळखते. रिमोटचा सेल संपला तरी ही मरत नाही, कारण हिला सेलच नाही.” त्यांच्याकडे कोडिंगचं मशिन होतं. तरी त्यांनी मला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवलं. “तुमची एक चावी बाहेर कुठेतरी आहे ना? नवी चावी घालतानाच ती काढून टाका म्हणून सांगा.” बाहेर हरवलेली चावी गाडीतून काढून टाकायची म्हणजे काय, हे मला तेव्हा अजिबात कळलं नाही. त्यांचं वाक्य मात्र मी वहीत लिहून घेतलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये इलेक्ट्रिकलचं काम पाहणारी एक मुलगी होती, आयटीआय करून आलेली. माझे प्रश्न ऐकून तिने जॉबकार्ड बाजूला ठेवलं आणि मला गाडीत बसवलं. स्टेअरिंगच्या दांड्याभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण तिने उतरवलं आणि बॅटरीचा झोत चावीच्या भोकावर टाकला. भोकाभोवती एक काळं कडं होतं आणि त्यातून एक वायर आत गेली होती. “मॅडम, ही अँटेना. हिच्यात तांब्याच्या बारीक तारेचे वेढे आहेत. तुम्ही चावी फिरवली की या वेढ्यांतून वीज जाते, त्यामुळे आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यातून चावीतल्या चिपला वीज मिळते.”

विद्युतचुंबकीय प्रवर्तन! मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात मायकेल फॅरेडेचा धडा असतो, तो हाच. फॅरेडेने १८३१ मध्ये जे दाखवलं, त्याच्या जोरावर बिनसेलची चिप क्षणभर जागी होते, बोलते आणि पुन्हा निपचित पडते. हे बोलणं साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरींवर चालतं आणि काही सेंटिमीटरच्या पलीकडे पोचत नाही. म्हणून तर चाचांनी दोन्ही चाव्यांची डोकी एकमेकांना चिकटवली होती. धातूची पाती नव्या चावीची होती आणि उत्तर जुन्या चावीची चिप देत होती.

आता गाडी आणि चिप एकमेकांशी बोलतात काय? अगदी जुन्या पद्धतीत चिप फक्त आपला ठरलेला क्रमांक सांगायची आणि गाडी तो पडताळून पाहायची. पण ठरलेला क्रमांक कुणी एकदा ऐकला की त्याची नक्कल करता येते. म्हणून पुढे पद्धत बदलली. चावी फिरली की गाडी एक संख्या निवडते, दर वेळी नवी, कुणालाही आधी सांगता येणार नाही अशी. ती संख्या ती चिपकडे पाठवते. गाडीला आणि चिपला दोघांनाच ठाऊक असलेली एक गुप्त संख्या असते. आलेली संख्या आणि ही गुप्त संख्या घेऊन चिप एक अवघड गणित करते आणि फक्त उत्तर परत पाठवते. तेच गणित गाडीनेही केलेलं असतं. दोन्ही उत्तरं जुळली की इंजिनच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, इंधन सोडायची परवानगी मिळते. नाही जुळली तर इंजेक्टर बंद. काही गाड्यांमध्ये सेल्फच लागत नाही. माझ्या गाडीत इंजिन दोन सेकंद धडपडतं आणि थांबतं. या सगळ्या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होऊन जातं.

हे ऐकताना मी काही क्षण स्तब्ध झाले होते. गुपित उघड न करता ते आपल्याला ठाऊक आहे, हे समोरच्याला पटवून देता येतं! गुप्त संख्या हवेतून जातच नाही. शेजारी कान लावून बसलेल्या चोराला प्रश्न ऐकू आला, उत्तर ऐकू आलं, तरी त्याचा उपयोग शून्य, कारण पुढच्या वेळी प्रश्नच वेगळा असणार. वर्गात दर वेळी नवं उदाहरण घातलं की पाठ केलेलं उत्तर कामाला येत नाही, रीत यावी लागते, अगदी तसं. गणिताचा उपयोग काय, असं मुलं विचारतात तेव्हा आता मी त्यांना ही चावी दाखवते.

मूळ चावी दूर नेल्यावर इंजिन बंद का पडलं नाही, तेही सर्व्हिस सेंटरमधल्या त्या मुलीने सांगितलं. पडताळणी फक्त सुरुवातीला होते. भर रस्त्यात, वेगात असताना चिपशी संपर्क तुटला म्हणून इंजिन बंद पडलं तर चोर राहील बाजूला आणि आपलाच जीव जायचा. म्हणून एकदा ओळख पटली की त्या फेरीपुरता विश्वास.

नव्या चावीसाठी आरसी, माझं ओळखपत्र आणि अर्ज द्यावा लागला. गाडीचा सुरक्षा कोड कंपनीकडून येईपर्यंत थांबावं लागलं. या थांबण्याचा मला राग आला नाही. मालकीचे कागद पाहिल्याशिवाय कोड मिळत नाही, हेच तर माझं संरक्षण. मग तिने स्टेअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला. पडद्यावर ओळ आली: नोंदलेल्या चाव्या २. मी दचकले. माझ्या हातात तर एकच जुनी चावी होती. काकांची हरवलेली चावी इतकी वर्षं कुठल्या कप्प्यात, कुठल्या गटारात, की कुणाच्या खिशात पडली होती कोण जाणे. गाडी तिला अजून आपलीच मानत होती.

चाचांच्या वाक्याचा अर्थ आत्ता लागला. मुलीने आधी सगळ्या नोंदी पुसल्या. मग समोर असलेल्या दोन्ही चाव्या एकामागून एक इग्निशनमध्ये घालून नव्याने नोंदवल्या. पडद्यावर पुन्हा २ आलं, पण हे २ वेगळे होते. हरवलेली चावी आता कुणाला सापडली तर तिने दार उघडेल, स्टेअरिंगही सुटेल, कारण धातूची पाती बदललेली नाही. इंजिन मात्र तिला ओळखणार नाही. वापरलेली गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने, हातात दोन चाव्या मिळाल्या तरीही, किती चाव्या नोंदलेल्या आहेत हे एकदा तपासून घ्यावं आणि नोंदी नव्याने करून घ्याव्यात. सगळ्या गाड्यांची रीत अगदी एकसारखी नसते, पण सर्व्हिस सेंटरला विचारायचा प्रश्न सगळीकडे तोच आहे.

त्या दिवसापासून मी गाडीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. चोर आणि गाडी यांच्यामध्ये कारखान्यातूनच किती आडकाठ्या घातलेल्या असतात! दाराचं कुलूप ही पहिली. चावी काढून स्टेअरिंग जरासं फिरवलं की ‘खट्’ आवाज होऊन ते अडकतं, ती दुसरी. जबरदस्तीने दार किंवा बॉनेट उघडलं तर बोंबलणारा सायरन ही तिसरी. यांतली प्रत्येक गोष्ट कानांना किंवा डोळ्यांना कळते आणि कमी-जास्त अंगबळाने तोडता येते. इमोबिलायझर चौथा. तो दिसत नाही, वाजत नाही आणि पेचकस घालून फिरवावं असं त्याचं काही बाहेर नसतं. त्याची जाणीव करून देतो तो फक्त डॅशबोर्डवर लुकलुकणारा बारीक लाल ठिपका. गाडीवर कोरलेला १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर आणि एकदा बसवली की मोडल्याशिवाय निघत नाही अशी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट ही पुढची राखण. ती चोरी थांबवत नाही, चोरलेली गाडी विकणं अवघड करते. पुण्यातल्या एआरएआय या संस्थेने मंजूर केलेलं चोरीविरोधी यंत्र बसवून त्याचं प्रमाणपत्र घेतलं, तर विम्याच्या जुन्या दरपत्रकात गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर २.५ टक्के सूट होती, जास्तीत जास्त ५०० रुपये. रक्कम लहान आहे, पण चोरी रोखण्याला किंमत आहे हे तिथे मान्य केलेलं दिसतं.

यानंतर मी वाचत गेले आणि एका जुन्या अभ्यासापाशी थबकले. १९७६ मध्ये ब्रिटनच्या गृह खात्याने ‘क्राइम ॲज ऑपॉर्च्युनिटी’ नावाचा अहवाल काढला. त्यात स्टेअरिंग लॉकचा हिशेब मांडला आहे. पश्चिम जर्मनीने १९६३ मध्ये नव्या-जुन्या सगळ्याच गाड्यांना स्टेअरिंग लॉक सक्तीचं केलं. चोऱ्या धाडकन खाली आल्या आणि खालीच राहिल्या. ब्रिटनने १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना ते आणलं. नव्या गाड्यांच्या चोऱ्या कमी झाल्या, पण चोर जुन्या गाड्यांकडे वळले. कुलूप तेच होतं. एका देशात ते सगळ्यांना मिळालं, दुसऱ्यात काहींना, आणि ज्यांना मिळालं नाही त्यांच्या दारात चोरी जाऊन उभी राहिली. हे वाचल्यावर माझ्या दोन चाव्यांचं समाधान जरा कमी झालं.

कारण इमोबिलायझरची कथाही त्याच वाटेने गेली आहे. युरोपीय संघात तो नव्या मोटारींना १९९८ पासून सक्तीचा आहे, ऑस्ट्रेलियात २००१ पासून, कॅनडात २००७ पासून. अमेरिकेत मात्र अशी सक्ती आली नाही. बहुतेक कंपन्यांनी तो आपणहून बसवला, काहींनी स्वस्त मॉडेलांतून वगळला. २०१५ सालच्या मॉडेलांचा हिशेब विमा कंपन्यांच्या ‘हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूट’ या संस्थेने मांडला आहे: इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत इमोबिलायझर मुळातच होता, ह्युंदाई आणि किया यांच्या फक्त २६ टक्के मॉडेलांत.

याचा परिणाम विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराने आधी भोगला. २०२१ मध्ये त्या शहरात १०,००० हून अधिक गाड्या चोरीला गेल्या, आदल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त, आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश याच दोन कंपन्यांच्या होत्या. चोरणारी बरीचशी पोरं शाळकरी वयाची. कुठलंही महागडं यंत्र त्यांना लागत नव्हतं, कारण इंजिन कुणाला काही विचारतच नव्हतं. पुढच्या वर्षी हे व्हिडिओंमधून देशभर पसरलं. माझी भाची तेव्हा मिलवॉकीत शिकत होती. तिने व्हिडिओ कॉलवर स्टेअरिंगला आडवा लावायचा एक लोखंडी दांडा दाखवला होता. पोलीस ठाण्यात तो फुकट वाटत होते. एवढ्या पुढारलेल्या देशात गाडीला लोखंडी दांडा का, असं मी तिला विचारलं होतं. तिच्याकडेही तेव्हा उत्तर नव्हतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने जाहीर केलं की या कंपन्या ८३ लाख गाड्यांना सॉफ्टवेअरची दुरुस्ती मोफत देणार आहेत. त्यामुळे चावी इग्निशनमध्ये असल्याखेरीज गाडी सुरू होऊ नये आणि सायरन अर्ध्या मिनिटाऐवजी एक मिनिट वाजावा, अशी सोय झाली. त्याच घोषणेत आणखी एक आकडा होता: या चोऱ्यांशी जोडलेले किमान १४ अपघात आणि ८ मृत्यू. मी हा आकडा पुन्हा पुन्हा वाचला. सीमेपलीकडे कॅनडात याच कंपन्या गाड्या विकत होत्या, पण तिथे कायदा होता म्हणून इमोबिलायझर होता, आणि तिथल्या गाड्या अशा रीतीने पळवता येत नव्हत्या. तंत्र उपलब्ध होतं, कारखान्याला येत होतं, खर्चही फार नव्हता. सक्ती नव्हती, एवढंच.

इमोबिलायझर अभेद्य आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. जितकं वाचलं तितकी मी गोंधळत गेले, आणि या गोंधळातूनच थोडं शहाणपण आलं. चिप जे गणित करते ते कच्चं असेल तर सगळी इमारत कच्ची. नेदरलँड्समधल्या आणि ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या तिघा संशोधकांना ‘मेगामॉस क्रिप्टो’ या चिपच्या गणितात दोष सापडला. त्यांनी तो चिपच्या निर्मात्याला २०१२ मध्येच कळवला. शोधनिबंध छापायची वेळ आली तेव्हा फोक्सवॅगन लंडनच्या उच्च न्यायालयात गेली आणि २०१३ मध्ये न्यायालयाने प्रकाशन थांबवलं. अखेर २०१५ मध्ये, फक्त एक वाक्य वगळून, निबंध बाहेर आला. दोष सांगणाऱ्याचं तोंड बंद करून दोष जात नाही, असं मला वाटतं. मधल्या काळात रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या त्याच चिपवर चालत होत्या.

दुसरी अडचण बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांची. तिथे चावी खिशातच राहते आणि ती जवळपास आहे का हे गाडी लहरींवरून ओळखते. चोरांची जोडी या लहरी एकाकडून दुसऱ्याकडे पोचवते. घरात टेबलावर पडलेल्या चावीला वाटतं गाडी शेजारी आहे, गाडीला वाटतं चावी शेजारी आहे. गुप्त गणित अजिबात फुटत नाही. अंतराची फसवणूक होते. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांच्या १० मॉडेलांवर हा प्रयोग केला आणि दहाही गाड्या फसल्या. त्यानंतर काही कंपन्यांनी चावी हलवली नाही तर झोपी जाईल अशी सोय केली. काहींनी लहरी जाऊन यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजणारं नवं तंत्र आणलं. अशी गाडी असेल तर रात्री चावी दारापाशी टांगू नये, लहरी अडवणाऱ्या पाकिटात ठेवावी. स्टेअरिंगखालच्या सॉकेटमधून कोऱ्या चावीची नोंद करणाऱ्या टोळ्या आपल्याकडेही पकडल्या गेल्या आहेत. म्हणून दिसणारं गिअर लॉक लावणाऱ्याला मी आता जुन्या वळणाचा म्हणत नाही. दोन वेगळ्या जातीच्या आडकाठ्या असल्या की चोराला दोन वेगळी कसबं लागतात.

तरीही माझं मन परत परत जातं ते ब्रिटनच्या त्या जुन्या गाड्यांकडे. आमच्या पार्किंगमध्ये उभं राहून पाहते तेव्हा माझ्या गाडीत चिप आहे, शेजारच्या मोठ्या गाडीत तिच्याहून हुशार चिप आहे. त्यांच्या पलीकडे ओळीने दुचाक्या उभ्या असतात. पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलाची, भाजीचे कॅरेट बांधून आणणाऱ्या ताईंची, दिवसभर पार्सलं पोचवणाऱ्या पोरांची. आपल्या राज्यात चोरीला जाणाऱ्या वाहनांत सर्वात मोठा वाटा दुचाकींचाच असतो. बहुतेकींना राखण म्हणून काय, तर हँडल लॉक आणि फार तर चावीच्या भोकावरचं झाकण. दोन्ही गोष्टी अंगबळाने मोडतात. आत कुणी प्रश्न विचारणारं नाही. अलीकडे काही स्कूटरच्या वरच्या मॉडेलांत चावीला चिप आली आहे, पण ती जास्त पैसे मोजणाऱ्यालाच मिळते.

माझी गाडी गेली तर माझी गैरसोय होईल, विम्याचे पैसे येतील, मी काही दिवस बसने शाळेत जाईन. पार्सल पोचवणाऱ्या पोराची दुचाकी गेली तर दुसऱ्या दिवशीची कमाई जाते आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू राहतो. त्याच्याकडे अनेकदा चोरीचा भाग धरणारा विमाही नसतो, फक्त सक्तीचा थर्ड पार्टी असतो. ज्याला चोरी सर्वात जास्त बोचते, त्याच्याच वाहनाला सर्वात कमी राखण, ही रीत उलटी आहे.

पश्चिम जर्मनीने १९६३ मध्ये सगळ्यांना कुलूप दिलं, कॅनडाने २००७ मध्ये सगळ्या नव्या मोटारींना चिप दिली, आणि जिथे हे सगळ्यांना मिळालं नाही तिथे काय झालं हे मिलवॉकीने दाखवलं. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या दुचाकीत, सर्वात स्वस्त मॉडेलातसुद्धा, इमोबिलायझर असावा आणि तो कायद्याने असावा. तोवर आपल्या हातात एवढं आहे: गाडी किंवा स्कूटर घ्यायला दुकानात गेलो की मायलेज आणि रंग विचारतो, तसं “यात इमोबिलायझर आहे का, आणि नसेल तर का नाही?” हेही विचारायचं. मी विचारते. माझ्या शाळेतल्या शिपाईदादांनी मागच्या महिन्यात स्कूटर घेतली, तेव्हा त्यांच्यासोबत दुकानात जाऊनही विचारलं. विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही, त्याने वरिष्ठांना बोलावलं आणि त्यांनी ते मॉडेल सोडून दुसरं दाखवलं. हा प्रश्न विचारणारी गिऱ्हाईकं वाढली, तर उद्या ते उत्तर प्रत्येक दुकानात तयार ठेवावं लागेल.